जर्नल उतरवणे हीसुद्धा कॉपीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की कॉपीमुक्त अभियानाच्या बातम्या सुरू होतात. भरारी पथके, बैठी पथके, केंद्राजवळची झेरॉक्सची दुकाने बंद, कंपाउंडवर चढलेल्यांचे फोटो. मार्च सरला की विषय मिटतो. हे सगळे व्हावेच. राज्यात त्यासाठी 1982 पासून स्वतंत्र कायदा आहे. पण जी कॉपी जुलैपासून जानेवारीपर्यंत प्रयोगशाळेत, वर्गात आणि घरच्या टेबलावर, बरेचदा आईवडिलांच्या डोळ्यांदेखत चालते, तिला आपल्याकडे कोणी कॉपी म्हणतच नाही. सीनियरचे जर्नल आणून उतरवून काढणे, पर्यावरणाचा प्रकल्प नेटवरून घेऊन स्पायरल मारणे, एम.ए.चा लघुप्रबंध कोणाकडून तरी 'करून घेणे', या सगळ्याला एकच शब्द आहे, 'सबमिशन'. बारावी विज्ञानाच्या भौतिकशास्त्रात 70 गुण लेखी आणि 30 गुण प्रात्यक्षिकाचे. पथके सत्तर गुणांची राखण करतात. उरलेल्या तिसांकडे कोणाचे लक्ष नसते.

केंद्र सरकारने 2024 मध्ये सार्वजनिक परीक्षांसाठी आणलेला कायदा पेपरफुटीच्या टोळ्यांसाठी आहे, जर्नलसाठी नाही. तसा तो असूही नये. वर्गातली चोरी पोलिसांनी पकडायची नसते. ती शिक्षकाने ओळखायची असते, आणि ओळखणे वाटते तितके अवघड नाही.

लंबकाचा प्रयोग घ्या. टांगणीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत लांबी 100 सेंटिमीटर, 20 हेलकाव्यांचा वेळ स्टॉपवॉचवर. वेळ 40.1 सेकंदांच्या आसपास येतो. बटण दाबताना बोट साधारण 0.2 सेकंद पुढेमागे होते. ही चूक 20 हेलकाव्यांत वाटली गेली तर एका हेलकाव्याला 0.01 सेकंद, म्हणजे अर्धा टक्का. सूत्रात वेळेचा वर्ग असल्यामुळे गुरुत्वत्वरणात, म्हणजे g मध्ये, ती दुप्पट होऊन एक टक्का होते. म्हणजे प्रयोग खरोखर केलेल्या बॅचची उत्तरे 9.7 ते 9.9 च्या दरम्यान विखुरलेली असायला हवीत. ज्या बॅचच्या पंचवीसही जर्नलांत 9.81 आहे, त्या बॅचने लंबक हलवलेलाच नाही. गंमत म्हणजे नागपूरच्या अक्षांशाला g चे खरे मूल्य 9.79 च्या जवळ आहे; 9.81 हे युरोपातल्या अक्षांशांचे. लंबकाच्या प्रयोगात हा फरक टिपता येत नाही हे खरे. पण टिपता येत नाही म्हणूनच सगळ्यांना दोन दशांश स्थळांपर्यंत तेच उत्तर मिळणेही शक्य नाही.

मुले असे का करतात, याचे उत्तर जर्नलच्या शेवटच्या पानावर असते. 9.6 आले की लाल शेरा, 9.81 आले की सही. ज्याने प्रामाणिकपणे हेलकावे मोजले त्याचे गुण कापले गेले आणि ज्याने उत्तरावरून उलटे गणित करून निरीक्षणे भरली त्याला पूर्ण मिळाले, तर पुढच्या प्रयोगाला दोघेही उलटे गणित करणार. यात मुलांपेक्षा आमच्या व्यवसायाचा दोष मोठा आहे. प्रयोगाचे गुण उत्तराला देऊच नयेत. दहापैकी चार गुण कच्च्या निरीक्षणांना, तीन आकडेमोडीला आणि तीन 'उत्तर एवढे का चुकले' या चार ओळींना द्यावेत. कच्ची निरीक्षणे प्रयोगशाळेतच, पेनने, वेगळ्या वहीत लिहून घ्यायची आणि मुले बाहेर पडायच्या आत त्यावर तारखेसह सही करायची. फेअर जर्नल नंतर घरी लिहिले तरी हरकत नाही. खोडलेली, पुन्हा घेतलेली रीडिंग त्या वहीत दिसलीच पाहिजेत. ज्या वहीत एकही खाडाखोड नाही, ती आधी तपासावी.

विखुरलेपणा नसणे किंवा तो तंतोतंत सारखा असणे, यावरून मोठमोठे लोक पकडले गेले आहेत. बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेतला यान हेंड्रिक श्योन हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ 2002 मध्ये उघडा पडला, कारण वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत नुसता 'नॉइज'ही (मोजमापातला अनियमित चढउतार) जसाच्या तसा निघाला. त्याची पीएच.डी.ही पुढे विद्यापीठाने काढून घेतली. अकरावीच्या जर्नलात आणि त्याच्या शोधनिबंधात पद्धत एकच होती, आलेख आधी आणि निरीक्षणे मागून.

रसायनशास्त्रात तर कॉपी थांबवायला फक्त तीन बाटल्या लागतात. ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये (एका द्रावणात दुसरे थेंबथेंब सोडत, रंग टिकेपर्यंत किती लागले ते मोजणे) सगळ्यांना एकाच तीव्रतेचे द्रावण दिले की पहिल्या मुलाचे रीडिंग दहा मिनिटांत सगळ्या टेबलांवर पोचते. प्रयोगशाळा सहायकाने एका लिटरला 5.67, 6.30 आणि 6.93 ग्रॅम स्फटिकी ऑक्झॅलिक आम्ल अशी तीन द्रावणे करावीत आणि बाटल्यांवर फक्त अ, ब, क लिहावे. ती अनुक्रमे 0.045, 0.050 आणि 0.055 मोलरची होतात. पिपेटने 10 मिलि घेतले आणि परमँगनेट 0.02 मोलरचे असले, तर ब्युरेटचे रीडिंग 9.0, 10.0 आणि 11.0 मिलि येते. ब्युरेटवर 0.1 मिलिपर्यंत वाचता येते, त्यामुळे एका मिलिलिटरचा फरक लपत नाही. शेजारच्याचे रीडिंग उचलणारा लगेच कळतो, आणि मुख्य म्हणजे उचलून काही मिळत नाही हे मुलांना दुसऱ्या आठवड्यातच समजते. जास्तीचा खर्च जवळपास शून्य, जास्तीचा वेळ सहायकाचा अर्धा तास. खरा प्रयोग करणाऱ्यांच्या चुकाही ओळखू येतात. द्रावण 60 ते 70 अंशांपर्यंत तापवले नाही तर सुरुवातीची क्रिया मंद चालते, गुलाबी रंग आधीच टिकल्यासारखा वाटतो आणि मूल थांबते. मग पहिले रीडिंग कमी आणि पुढची दोन बरोबर, असा क्रम दिसतो. असा क्रम सहसा कोणी मनाने रचत नाही.

'एवढे काय त्यात, जर्नलच तर आहे' असे पालक म्हणतात, त्यांनी पॉलिटेक्निकमधले काँक्रीटची ताकद तपासायचे क्यूब, म्हणजे ठोकळे, आठवावेत. 150 मिलिमीटरचा साचा तीन थरांत भरायचा, प्रत्येक थराला सळईने किमान 35 ठोके द्यायचे, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून पाण्यात ठेवायचा आणि 28 दिवसांनी यंत्राखाली फोडायचा. तीन क्यूबांची सरासरी घ्यायची, आणि त्यातला एखादा सरासरीपेक्षा 15 टक्क्यांहून जास्त वरखाली असेल तर तो नमुना गृहीत धरायचा नाही, असे आयएस 456 हे काँक्रीटचे भारतीय मानक सांगते. आता एखाद्या जर्नलमध्ये क्यूब भरल्याची आणि 28 दिवसांनी फोडल्याची तारीख यांच्यात नऊच दिवसांचे अंतर सापडले, तर पुढे काही तपासायची गरज नसते. हाच मुलगा चार वर्षांनी कोणत्या तरी साइटवर क्वालिटीच्या रजिस्टरवर सही करणार आहे. नागपूरचे निम्मे रस्ते आता सिमेंटचे दिसतात. त्या रजिस्टरमधले आकडे कोणत्या सवयीने भरले जातात, हा नागरिकांच्या रोजच्या कामाचा प्रश्न आहे.

प्रकल्पांची गत जर्नलपेक्षा वाईट. 'नाग नदीचे प्रदूषण' या विषयावर दरवर्षी जे काही येते त्यात प्रस्तावना तीच, छायाचित्रे तीच, उपाययोजनांचे मुद्देही त्याच क्रमाने. नदी शाळेच्या मागून वाहत असली तरी तिच्याकडे कोणी फिरकलेले नसते. विषय बदलून उपयोग नाही, काम बदलावे लागते. अंबाझरी, फुटाळा, गांधीसागर असे तलाव गटांना वाटून द्यावेत. 20 सेंटिमीटर व्यासाची काळीपांढरी तबकडी दोरीला बांधून, शिक्षक सोबत असताना घाटावरून पाण्यात सोडायची आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजायचे, म्हणजे पाणी किती गढूळ आहे ते कळते. घरातले जुने झाकण रंगवले तरी चालते. किंवा बर्डीच्या व्हरायटी चौकात सकाळी 9 ते 9.30 दुचाकी, ऑटो, बस आणि कार वेगवेगळ्या मोजायच्या, तीन वेगळ्या वारी. हे आकडे नेटवर नसतात. मनाने लिहिले तर ते बरेचदा शून्याने किंवा पाचाने संपतात, तेही दिसते.

सर्वेक्षणात एक सोपी कसोटी आहे, ती गणिताच्या शिक्षकांनी आठवीनववीतच शिकवावी. प्रकल्पात 30 जणांना विचारले असे लिहिले असेल आणि पुढे '62 टक्के लोकांच्या मते' असे आले, तर ते खोटे आहे. तिसांपैकी 18 म्हणजे 60 टक्के, 19 म्हणजे 63.3. मधले 62 कशानेच येत नाही. तसेच एकाच पेनने, एकाच तिरक्या अक्षरात भरलेल्या शंभर प्रश्नावल्या. त्या तपासायला कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही, गठ्ठा उलगडून बघावा लागतो.

आता प्रबंधातली उचलेगिरी शोधणारे सॉफ्टवेअर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांमुळे पीएच.डी.च्या मुलांना टक्केवारी पाठ झाली आहे. साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. 10 ते 40 असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यायचे. 40 ते 60 असेल तर वर्षभर सादर करता येत नाही. त्यापुढे नोंदणीच रद्द. मात्र असाइनमेंट, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल, उत्तरपत्रिका या विनियमांतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. म्हणजे पदवीच्या तीन-चार वर्षांत मुलाने जे काही लिहिले त्याला हे विनियम लागू नाहीत, आणि मग एकदम प्रबंधाला लागू होतात. तोवर उतरवायची सवय हाडीमासी खिळलेली असते.

टक्केवारीचाही अर्थ चुकीचा लावला जातो. साम्य म्हणजे चोरी नव्हे. सॉफ्टवेअर फक्त जुळणाऱ्या शब्दमाळा दाखवते. अवतरणचिन्हातला मजकूर, संदर्भसूची, ऋणनिर्देश, कायद्याची कलमे, प्रमाणित समीकरणे आणि सलग 14 शब्दांपर्यंतचे योगायोगाने किंवा सामान्य ज्ञानातून आलेले साम्य वगळायचे असते. ही वगळणी आधी सेट केली नाही तर कायद्याचा एखादा चांगला प्रबंध 35 टक्के दाखवतो आणि मार्गदर्शक घाबरतो. उलट 200 पानांच्या प्रबंधात दुसऱ्याचा एक पानभर मूळ निष्कर्ष नाव न देता उचलला, तर साम्य अर्धाच टक्का येते. ती चोरी अर्धा टक्का नाही, पूर्ण आहे. 'नऊ टक्के माफ' असा हिशेब कोणी करत असेल तर त्याला साम्य आणि चोरी यांतला फरक कळलेला नाही. अहवालातला आकडा नाही, रंगवलेल्या ओळी वाचायच्या असतात, आणि ते काम मार्गदर्शकाचे आहे, ग्रंथपालाचे नाही.

मराठी प्रबंधांची एक वेगळीच अडचण आहे, तिच्यावर फारसे बोलले जात नाही. अनेक टायपिस्ट अजून श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत काम करतात. पडद्यावर अक्षर देवनागरी दिसते, पण फाइलच्या आत रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी असते. युनिकोड या सगळ्या संगणकांना समजणाऱ्या प्रमाणित पद्धतीत असलेला तोच उतारा शेजारी ठेवला तरी सॉफ्टवेअरला दोन्हींत काहीच साम्य दिसत नाही. स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफ असेल तर त्यात मजकूर नसतोच, फक्त चित्र असते. म्हणून मराठी, इतिहास, समाजशास्त्राच्या प्रबंधाला '2 टक्के' साम्य आले की आनंद मानण्याआधी फाइलमधली एक ओळ कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करावी. तिथे देवनागरी उमटली नाही तर ती तपासणी झालीच नाही असे समजावे. विद्यापीठांनी प्रबंध युनिकोडमध्येच घ्यावा, जुन्या फॉन्टातली फाइल परत करावी. हिंदी किंवा इंग्रजीतून भाषांतर करून उचललेला मजकूर तर कोणत्याही फॉन्टात सहसा निसटतोच. तिथे विषय जाणणारा वाचक हाच उपाय. जुने प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात. संशयित पानातली आठ-दहा शब्दांची जरा वेगळी ओळ दुहेरी अवतरणात टाकून शोधली तर बऱ्याच गोष्टी दोन मिनिटांत कळतात.

चॅटजीपीटी नोव्हेंबर 2022 मध्ये आल्यापासून 'यंत्राने लिहिले का' हे सांगणारी यंत्रेही आली. त्यांच्या भरवशावर कोणाला नापास करू नये. चॅटजीपीटीच्याच कंपनीने स्वतःचे असे साधन अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये मागे घेतले. नीट, सपाट, नियमबद्ध लिहिणाऱ्या मुलावर अशा साधनांचा नाहक संशय जातो. त्यापेक्षा संदर्भसूचीतले कोणतेही तीन संदर्भ बोट ठेवून निवडावेत आणि ते पुस्तक किंवा ते पान आणून दाखवायला सांगावे. यंत्र लेखकाचे नाव, प्रकाशक, वर्ष सगळे देते, फक्त पुस्तक बरेचदा अस्तित्वात नसते.

मग करायचे काय? प्रकल्पाची एकच अंतिम तारीख ठेवू नये. पहिल्या पंधरवड्यात विषय आणि दोन स्रोत, महिन्याने हस्ताक्षरातली एक पान टिपणे, त्यानंतर कच्चा मसुदा, शेवटी प्रत. तयार प्रकल्प विकत घेणाऱ्याकडे मधले टप्पे नसतात. टिपणे कशी काढायची हे नववीतच एका तासात शिकवता येते. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष आणि पान. डावीकडे जसेच्या तसे घेतलेले वाक्य अवतरणचिन्हात. मग पुस्तक मिटायचे आणि उजवीकडे आपल्या शब्दांत लिहायचे. पुस्तक उघडे ठेवून लिहिले की शब्द बदलतात, वाक्याची बांधणी मूळचीच राहते, आणि ती चोरीच ठरते. शेवटी संदर्भसूची दिली म्हणजे काम भागले, हाही गैरसमज. कुठली गोष्ट कुठून घेतली हे त्या त्या जागी लिहावे लागते. आपल्या शब्दांत लिहिलेल्या मुद्द्यालाही स्रोत द्यावाच लागतो, हे तर एम.ए.च्या वर्गातही नवीन वाटते.

तोंडी परीक्षा सर्वांत उपयोगी, पण वर्गात 80 मुले असतील तर प्रत्येकी पाच मिनिटांप्रमाणे जवळजवळ सात तास लागतात. तासिका तत्त्वावर चार ठिकाणी शिकवणाऱ्या प्राध्यापकाकडे ते नसतात. म्हणून सबमिशन झाल्यानंतर वर्गासमोर चिठ्ठ्या टाकून बारा क्रमांक काढावेत. एक तास पुरतो. प्रश्न पाठांतराचे नकोत. 'हा आलेख उलटा का नाही गेला', 'या पानावरचा आकडा कुठून घेतला', 'हा परिच्छेद काढला तर काय बिघडेल' एवढे विचारले की पुरे. आपला क्रमांक निघू शकतो ही शक्यता उरलेल्या अडुसष्ट जणांनाही काम करायला लावते. महाविद्यालयांनी या तासाची नोंद वेळापत्रकात करावी आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला त्याचे मानधन द्यावे. फुकटात ही तपासणी होणार नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

पकडल्यावर 'मुलाचे वर्ष वाया घालवू नका' असे म्हणत पालक येतात, कधी नगरसेवकाचा फोनही येतो. वर्ष वाया घालवायची गरजच नसते. पहिल्यांदा सापडले तर पंधरा दिवसांत तोच प्रयोग किंवा प्रकल्प नव्याने करायचा, गुण जास्तीत जास्त निम्मे, आणि विभागाच्या रजिस्टरमध्ये एक ओळ, मुलाच्या सहीसह. दुसऱ्यांदा सापडले तर त्या कामाला शून्य. हे नियम सत्राच्या पहिल्या आठवड्यात सूचना फलकावर लावलेले असले, तर फोन करणाऱ्याला सांगायला काहीतरी असते. आणि ज्याने जर्नल उतरवायला दिले, त्याच्यासाठीही नियम तोच.

आपले,
नागपुरातील काही प्राध्यापक, प्रयोगशाळा सहायक आणि ग्रंथपाल